शब्दचर्चा: हवामान अहवालातल्या ‘लाइकली’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
तालुक्यातल्या कृषी कर्मचाऱ्यांच्या हवामानबदल प्रशिक्षणाची पुस्तिका मी मराठीत आणते आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात एक वाक्य आहे: जमिनीवरच्या पावसाची जागतिक सरासरी १९५० पासून वाढली आहे, हे ‘लाइकली’, १९८० च्या दशकापासून ती जास्त वेगाने वाढते आहे, हे ‘मीडियम कॉन्फिडन्स’ने. जुन्या मसुद्यात याचे ‘पाऊस वाढण्याची शक्यता आहे’ असे झाले होते. ते वाचून एकाने विचारले, “म्हणजे यंदा पाऊस जास्त का?” काय लिहू?

उत्तर
आधी ‘वाढण्याची’ काढा, ‘वाढल्याची’ करा. एवढ्याशा फरकाने झालेली गोष्ट भविष्यवाणी होऊन बसली. ‘वाढला असावा’ कानाला बरे वाटते, पण त्यात बोलणाऱ्याचा नुसता तर्क ऐकू येतो. इथे तर्क नाही, माप आहे. लाइकली म्हणजे विधान खरे असण्याची शक्यता शंभरात किमान ६६, व्हेरी लाइकली ९०, एक्स्ट्रीमली लाइकली ९५, व्हर्च्युअली सर्टन ९९. ६६ देशांतल्या २३४ लेखकांनी लिहिलेल्या त्या अहवालाचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांच्या प्रतिनिधींनी ओळ न् ओळ तपासून संमत केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संगणकीय हवामान मॉडेलची आकडेमोडही त्या कामात आहे. अलीकडच्या तापमानवाढीला मुख्यतः माणूस कारणीभूत, हे आयपीसीसीच्या २००१ च्या अहवालात लाइकली होते, २००७ मध्ये व्हेरी, २०१३ मध्ये एक्स्ट्रीमली. २०२१ मध्ये माणसामुळे पृथ्वी तापली याबद्दल शंकेला जागाच ठेवली नाही. सगळीकडे सरसकट ‘शक्यता’ लिहिलीत तर वीस वर्षांचे हे सगळे संशोधन पुसले जाईल, म्हणून मी इतक्या कळकळीने सांगतो आहे.

उत्तर
कोणी ‘संभाव्य’ सुचवेल, तो घेऊ नका. संभाव्य उमेदवार, संभाव्य तारीख, असा तो पुढच्या गोष्टींना चिकटलेला शब्द आहे. मराठीत शक्यता ‘दाट’ असते, ‘धूसर’ही असते. दाट शक्यता व्हेरी लाइकलीसाठी राखून ठेवा. लाइकलीला ‘बरीच शक्यता’, ९९ ला ‘जवळजवळ निश्चित’.

उत्तर
पण शब्दाला आकडा बांधता येतो का, अशी शंका असेल तर आकाशवाणीवरचा हवामान अंदाज आठवा. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी, कोकणात बहुतांश ठिकाणी.’ यातला ‘तुरळक’ मोजून घेतलेला आहे: पाऊस नोंदवणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. आपल्या लोकांनी हे शब्द वर्षानुवर्षे ऐकले, आकडा मात्र फारसा कोणी सांगितला नाही. तुम्ही तो प्रत्येक वेळी शेजारी छापा.

प्रश्नकर्ती
आत्ताचे वाक्य असे झाले: ‘जमिनीवर पडणाऱ्या पावसाची जागतिक सरासरी १९५० पासून वाढल्याची बरीच शक्यता आहे (शंभरात ६६ किंवा अधिक). १९८० च्या दशकापासून ही वाढ जास्त वेगाने होते आहे. याबद्दलची खात्री मध्यम.’ कॉन्फिडन्सला ‘विश्वास’ घेतला नाही. तो माणसावर असतो. इथे पुरावा किती आणि तज्ज्ञांचे एकमत किती, एवढेच पाहतात. ‘खात्री मध्यम’ थोडे अडखळते, कारण आपल्याकडे खात्री असते किंवा नसते. तरी तेच ठेवते आहे. पहिल्या पानावर अर्थ देईन.