मदत हवी आहे: डीप ड्रॉमध्ये कप फाटतोय, आजच उत्तर पाहिजे

उद्यमबागकर:
शीटमधून कप काढायचं काम घेतलंय. शीट डायच्या भोकात ढकलायला पंच खाली आला की कप फाटतो. ऑइल बदललं, तरी तेच. सोमवारी माल द्यायचाय, पार्टी सारखी फोन करालीय. लवकर सांगा.

डायमेकर_मच्छे:
शीट कुठली, जाडी किती, ब्लँक (कापलेली गोल चकती) किती, कप केवढा? फाटतो म्हणजे कुठं, तळाला की तोंडाजवळ? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार ओ?

निपाणीकर:
ब्लँक दाबून धरणाऱ्या होल्डरचं प्रेशर वाढवा. आमच्याकडं त्यानंच काम झालं.

डायमेकर_मच्छे:
तुमच्याकडं सुरकुत्या पडत असतील. फाटणाऱ्या कपाला प्रेशर वाढवलं तर शीट आत सरकणारच नाही, आणखी फाटेल.

निपाणीकर:
सुरकुती डायमध्ये अडकते आणि त्यानंच कप फाटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. उगीच खोडून काढू नका.

होनग्याचा_फोर्जवाला:
फोर्जिंग करून घ्या की, तापवून ठोकून. ताकद जास्त येते.

खानापूरकर:
शीटच्या कपाला फोर्जिंग कशाला? लेथवर स्पिनिंग करा, म्हणजे शीट फिरवत साच्यावर दाबत जा, डाय लागतच नाही.

उद्यमबागकर:
दोन हजार नग आहेत, स्पिनिंग परवडत नाही. सीआर (कोल्ड रोल्ड) शीट, 1 एमएम. व्यास 60 एमएम, उंची 55, ट्रिमिंग (तोंडाची कड कापणं) धरून ब्लँक 136. सुरकुत्या अजिबात नाहीत. तळाच्या गोलाईला गोल चीर पडते, बूड सुटून येतं. पंचाला आरशासारखं पॉलिश केलंय.

डायमेकर_मच्छे:
आता कळलं. 136 ला 60 नं भागा, 2.27 येतं. ईडीडी (जास्त खोल ड्रॉची) शीट असली तरी पहिल्या ड्रॉला या आकड्याला 2 च्या आसपास थांबावं लागतं. एका दमात होणारच नाही हे. आधी 75 चा कप काढा, तो साधारण 43 उंच येईल. मग दुसऱ्या ड्रॉत 60. पॉलिश पाहिजे ते डायच्या तोंडाला नि होल्डरला, पंचाला नको. तेलसुद्धा पंचाच्या बाजूनं लावू नका. शीट पंचाला धरून राहिली पाहिजे. सुटली की सगळा ताण तळाच्या गोलाईवर जातो आणि तिथंच ती पातळ होऊन तुटते. डायच्या तोंडाची गोलाई किती ठेवलीय?

निपाणीकर:
सुरकुत्या नसतील तर प्रेशर थोडं कमी करून बघा.

खानापूरकर:
आमच्या कपाला तोंडाशी चार कान वर येतात. ते कशानं?

डायमेकर_मच्छे:
शीट रोलिंगच्या दिशेला एक आणि तिरकी वेगळी ताणते म्हणून. ट्रिमिंगमध्ये जातात ते.

होनग्याचा_फोर्जवाला:
प्रेसवर हेल्पर कुणाला मिळालाय का? आमचे दोन पोरं गोव्याला गेले.

उद्यमबागकर:
डायची गोलाई 2 आहे. 75 चा पंच आज कुठं टर्न करून मिळेल?

डायमेकर_मच्छे:
2 फार कमी झाली, 6 ते 8 करा. मशीन रिकामं आहे, ड्रॉइंग घेऊन या. येताना दुकानदाराकडून शीटचं ग्रेड विचारून या. साधं डी (साध्या ड्रॉचं) निघालं तर पहिला ड्रॉ 78 ठेवूया.