संत्र्यावर कोळशी हटत नाही, पुढचा फवारा कधी?

मंडळी, मदत हवी आहे. काटोल तालुक्यात नागपुरी संत्र्याची ३५० झाडं, वय ९ वर्षं, ठिबकवर. अंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळं झाडावर आहेत, तोडा ऑक्टोबरच्या शेवटी.

कोळशीनं पानं, फांद्या, आता फळंही काळी पडताहेत. पान उलटलं की काळ्या माशीची पिल्लं खवल्यासारखी चिकटलेली दिसतात. काळं पडणं ही नुसती बुरशी, ती माशीच्या चिकट्यावर वाढते हे माहीत आहे, त्यामुळे बुरशीनाशक सुचवू नका. दुकानदाराच्या नादानं एक फवारा त्यातच वाया घालवला.

जुलैत निंबोळी तेल मारलं, नंतर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, १० लिटरला ५ मिली. माशा उडेनाशा झाल्या, पिल्लं मात्र जशीच्या तशी. दोन्ही वेळा ट्रॅक्टरचा पंप होता, पण झाडं एकमेकांत शिरलेली, आतल्या पानांच्या खालून औषध पोचलं असेल याची खात्री नाही. शेजारची बाग विनाफवारणीची, तिकडून माशी येतच राहणार.

आता पुन्हा तेच औषध मारायचं नाही. मोठ्या, कडक झालेल्या पिल्लांवर काही चालतं का, की पुढची अंडी फुटेपर्यंत थांबू? आणि तोड्याच्या किती दिवस आधी फवारे बंद करता?