बऱ्हाटेचं बरहाटे, काय करावं?

भुसावळचा_भाऊ: आडनाव बऱ्हाटे. भुसावळ-यावलकडे कोणी चुकत नाही पण पुण्यात फोनवर बराटेच ऐकतात अन वर विचारतात वारज्याचे का, आधारवर तर इंग्रजीवरून बरहाटे झालंय आणि आता पोराच्या शाळेतही तेच उतरलं.

केळीवाला_रावेर: भो आधी पोराचा जन्मदाखला बघ, बरोबर असेल तर तो लावून शाळेत अर्ज टाक, दहावीच्या आत, नंतर लय फिरवतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तिथं घाई नको.

चोपड्याची_ताई: हिंदीत ऱ्ह नाहीच ना, कीबोर्डवाले तरी काय करतील. आमचं झोपे, कोणी चुकत नाही पण हसतात मेले 😀

भुसावळचा_भाऊ: दाखला बरोबर आहे, सोमवारी जातो शाळेत.