मदत हवी आहे: रॅली गेममधल्या सहचालकाला मराठीत बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीजवळ भाट्यात राहते. प्रश्न पीसीवरच्या रॅली गेमचा आहे, पण खेळणारी मी नाही, माझे बाबा आहेत. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि नोकरीतली बरीचशी वर्षं रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावर होते. आंबा घाट त्यांना वळणावळणानिशी पाठ आहे. निवृत्तीनंतर दिवसभर ओटीवर बसून रस्त्याकडे बघायचे. गणपतीत भाऊ आला तेव्हा त्यानं आपलं जुनं व्हील (गेमसाठीचं स्टिअरिंग) इथेच ठेवलं. ९०० अंश फिरणारं, तीन पेडलचं. टेबलाला ते घट्ट बसलं. पेडल फरशीवर सरकत होती, म्हणून बाबांनी अंगणातला एक चिरा आणून मागे लावला. तो अजून तिथेच आहे.

पहिल्यांदा लावला तो डर्ट रॅली २.० (२०१९). बाबांनी पहिल्या दिवशी एकच टप्पा (शर्यतीच्या रस्त्याचा एक तुकडा) सात वेळा चालवला. न्यूझीलंडचा. म्हणाले, श्रावणातलं साखरपं दिसतंय. त्यांच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली, जी मला कधी दिसली नव्हती: आपल्या आधी बऱ्याच गाड्या जाऊन आल्या असतील तर मातीत चाकोरी पडलेली असते आणि गाडी त्यात ओढली जाते. "चाकोरीत चाक गेलं की स्टिअरिंगशी भांडायचं नाही," असं म्हणत त्यांनी व्हील सैल सोडलं आणि गाडी आपसूक बाहेर आली. गेममध्ये रस्ता असा झिजतो हे मी वाचलं होतं, पण ते हातानं ओळखता येतं हे तेव्हा कळलं.

मग भावाच्या मित्रानं रिचर्ड बर्न्स रॅली बसवून दिला. गेम २००४ चा आहे. ज्याच्या नावानं आहे तो रिचर्ड बर्न्स २००१ चा रॅलीतला जगज्जेता, आणि गेम आल्यानंतर पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी आजारानं गेला. आता हा गेम दुकानात मिळत नाही. जगभरातल्या चाहत्यांनीच नवे टप्पे, नव्या गाड्या, गाडीच्या हालचालीचं नवं गणित घालून तो जिवंत ठेवलाय. चित्रं जुनाट आहेत, झाडं पुठ्ठ्याची वाटतात. तरी बाबांनी तीन-चार वळणं घेतली आणि म्हणाले, "ह्याला वजन आहे. ही गाडी खरी." उतारावर ब्रेक दाबला की नाक कसं खाली बसतं, मागची चाकं कशी हलकी होतात, ते त्यांना पाठीत जाणवतं म्हणतात, खुर्ची साधी प्लास्टिकची असून. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तासभर हाच गेम. हँडब्रेक मात्र ओढत नाहीत. ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, ही त्यांची शिस्त गेममध्येही सुटलेली नाही. त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण गाडी शेवटपर्यंत धड पोचते.

आता अडचण. बाजूला बसलेला सहचालक पुढचं वळण कुठलं आणि किती आवळ (हे बहुतेकदा आकड्यानं) ते आधी सांगतो, पण इंग्रजीत बोलतो. बाबांना लेफ्ट-राइट कळतं, आकडे कळतात. पण "टाइटन्स", "ओव्हर क्रेस्ट", "डोन्ट कट" हे एका दमात आलं की ते मनात उलगडेपर्यंत वळण अंगावर येतं. मूळ गेममध्ये आवाज बर्न्सचा खराखुरा सहचालक रॉबर्ट रीड याचा आहे आणि तो आकड्यांऐवजी "मीडियम", "फास्ट", "ईझी" असे शब्द वापरतो. ते तर आणखी अवघड. परवा बाबा आवाज बंद करून खेळत होते. चौथ्या वळणाला दरीत गेले, आणि नुसते बसून राहिले. म्हणाले, "कंडक्टरशिवाय गाडी न्यायची नसते."

मला ते लागलं. जुलैत आंबा घाटात धुकं उतरलं की त्यांचे कंडक्टर काका दारात उभे राहून बाहेर डोकं काढायचे आणि कडेचा अंदाज द्यायचे: "हातभर आहे, येऊ दे, येऊ दे... बस." म्हणजे सहचालक बाबांना नवा नाही. फक्त तो त्यांच्या भाषेत बोलत नाही.

तर विचारायचं असं, की रिचर्ड बर्न्स रॅलीत आपल्या आवाजातल्या सूचना घालता येतात का? कोणी मराठीत केलंय का? आणि सूचना थोडी आधी यावी असं काही करता येतं का? शब्द कोणते घ्यावेत यावरही बोला. मला गेममधलं तांत्रिक फारसं कळत नाही, पण शिकायची तयारी आहे.

चिपळूणहून प्रतिसाद

ताई, होतं, आणि वाटतं तितकं अवघड नाही. या गेममध्ये सहचालकाचं बोलणं म्हणजे सुट्या सुट्या छोट्या ध्वनिफिती असतात आणि गेम त्या एकामागे एक जोडतो. म्हणूनच चाहत्यांनी कितीतरी भाषांत आवाज केलेत. तुम्ही फक्त त्या फितींच्या जागी आपल्या ठेवायच्या. दोन पथ्यं पाळा. मूळ फोल्डरची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. आणि फाइलचं नाव, प्रकार एका अक्षरानंही बदलू नका, नाहीतर तेवढा शब्द मुका राहील.

सर्वात महत्त्वाचं: प्रत्येक फितीच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. माणूस बटण दाबून श्वास घेऊन बोलतो, त्यात पाव-अर्धा सेकंद सहज जातो. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे पाव सेकंद शांतता राहिली तर सूचना ७ मीटर उशिरा. घाटात ७ मीटर म्हणजे काय ते तुमच्या वडिलांना सांगायला नको.

आधी बोलायचंही जमतं. सूचनांसाठी जे प्लगिन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) असतं त्यात टप्प्यावरची प्रत्येक सूचना पुढे-मागे सरकवता येते, नवी घालता येते, नको ती काढता येते. खरे रॅलीवाले शर्यतीआधी हळू गाडी नेऊन आपल्या वहीत हेच करतात. बाबांना एकदा टप्पा सावकाश चालवू द्या, तुम्ही बाजूला वही घेऊन बसा. सगळे शब्द एकदम करत बसू नका. डावं, उजवं, आकडे, पुढच्या वळणापर्यंतची अंतरं आणि चार-पाच धोक्याच्या सूचना, एवढ्यावर सुरू करा.

डर्ट रॅली २.० मध्ये हे असं सहज होणार नाही. शिवाय त्यातलं करिअर खेळायला नेट लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो.

मुंबईहून, मूळ गुहागरचा

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. नेहमी येणाऱ्या सूचना तशा थोड्याच आहेत. महिनाभर ऐकल्या की कान सरावतात. मलाही सुरुवातीला काही कळायचं नाही. बाबांनी इंग्रजीच पक्कं केलं तर उद्या कुठलाही रॅली गेम खेळता येईल, दरवेळी आवाज बदलायला नको. तुमची मेहनत एकाच गेमपुरती राहील, एवढंच.

कुडाळहून प्रतिसाद

माझं मत उलटं आहे. घाईत माणूस जी भाषा मोजायला वापरतो तीच कानात लवकर शिरते. आणि मराठी या कामाला फार बरी आहे. इंग्रजीत "वन फिफ्टी" म्हणेपर्यंत आपलं "दीडशे" म्हणून होतं. "अडीचशे" तर त्याहून सोयीचं. डावं आणि उजवं यांचे आवाज इतके वेगळे आहेत की इंजिनाच्या गोंगाटात गल्लत होणार नाही.

पण एक धोका सांगतो, मी स्वतः मोबाइलवर बोलून इंजिनाच्या आवाजात ऐकून बघितलंय. "चार" आणि "पाच" सारखेच ऐकू येतात. दोन्हींत तो "आ" तेवढा कानावर पडतो. "दोन" आणि "तीन" चालतात, पण चार-पाचवर तोडगा काढा, कारण तिथेच वेग जास्त असतो.

पाणी आडवं येतं तिथे "व्हाळ" म्हणा. दोन गडग्यांमधून रस्ता चिंचोळा होतो तिथे "गडगा". हे शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतात.

देवगडहून प्रतिसाद

आवाजाचं वर सांगितलंच आहे. मी व्हीलबद्दल लिहितो. समुद्र जवळ आहे आणि व्हील जुनं आहे, म्हणून. ब्रेक न दाबता गेममध्ये ब्रेक लागल्यासारखा वाटला, किंवा पेडल अर्धं दाबून काटा थरथरला, तर घाबरू नका. बऱ्याच व्हीलच्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) असतो. खारा दमट वारा आणि धूळ आत गेली की तो अडखळतो. काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा फवारा) मारून पेडल वीस-तीस वेळा दाबलं की बहुतेक वेळा साफ होतं. वापर झाला की वर कापड टाकत चला. आणि वीज येते-जाते तेव्हा व्हीलचा अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा, किंवा पीसीबरोबर यूपीएसवर घ्या.

बाबा एसटीवाले म्हणजे ब्रेकवर पाय जड असणार. सेटिंगमध्ये ब्रेकची वक्ररेषा बघा. सुरुवातीला हलका आणि शेवटी जास्त, असं करून दिलं तर चाकं लगेच जाम होणार नाहीत. पुढचं दृश्य किती रुंद दिसावं तेही थोडं कमी करा. त्यानं वेगाचा अंदाज खरा येतो.

धागाकर्तीचं उत्तर, दहा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला लिहिते.

देवगडकर, पेडलचं तुम्ही सांगितलं तेच होतं. ब्रेकचा काटा आपोआप हलत होता आणि आम्ही गेमला नावं ठेवत होतो. साफ केल्यावर शांत झाला.

गुहागरकर, तुमचं म्हणणं मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, शिकेन की, त्यात काय. ते शिकतीलही. पण त्यांना जगभरचे गेम खेळायचे नाहीत. त्यांना संध्याकाळी तासभर घाट उतरायचा आहे आणि बाजूला कुणीतरी आपलं बोलायला हवं आहे. म्हणून मी मराठीच करतेय.

कुडाळकर, चार-पाचचा तोडगा बाबांनीच काढला. मी त्यांना आकड्यांचा अर्थ सांगत होते, की एक म्हणजे सर्वात आवळ वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ, आणि बरेच सहचालक तो आकडा गिअरशी जोडतात. ते लगेच म्हणाले, मग आकडा कशाला, गिअरच सांग ना. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. "डावं, चौथा." "उजवं, तिसरा, आवळतंय." चौथा आणि पाचवा इंजिनाच्या आवाजात अजिबात मिसळत नाहीत, ऐकून बघितलं. प्रत्येक गाडीत गिअर तंतोतंत तोच येत नाही हे त्यांना माहीत आहे, पण अंदाज लागतो आणि हात आधीच गिअरकडे जातो.

बाकीचे शब्दही त्यांनी ठरवले. वळण पुढे आणखी घट्ट होतं तिथे "आवळतंय", खुलतं तिथे "सुटतंय". "डोन्ट कट"साठी "आत नको". चढ संपून पुढचं दिसत नाही तिथे "माथा". छोट्या पुलाला "मोरी". पाण्याला मात्र आमच्याकडे "पऱ्या" म्हणतात, तो ठेवलाय. गडगा तुमचा घेतला. हेअरपिनवर (पूर्ण मागे फिरणाऱ्या वळणावर) बाबा बराच वेळ अडले होते. शेवटी म्हणाले, घाटात आम्ही नुसतं "मोठं" म्हणायचो, तेच घाल.

चिपळूणकर, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी माझ्या आवाजात चौदा शब्द केले, पुढची शांतता कापली आणि एक टप्पा लावला. बाबांनी दोन किलोमीटर न चुकता नेली. मग थांबले. म्हणाले, आवाज स्वच्छ आहे, पण तू घाबरून बोलतेस. तू घाबरलीस की माझा पाय ब्रेकवर जातो.

मी परत करून बघितलं, तरी तेच. मग लांज्याला कंडक्टर काकांना फोन लावला. ते गेम वगैरे काही विचारत बसले नाहीत. "त्याच्याबरोबर बोलायचंय ना? येतो," म्हणाले. रविवारी सकाळच्या गाडीनं येताहेत.

म्हणून आता शेवटचं विचारते. मोबाइलवरच रेकॉर्ड करणार आहे. पंखा बंद करीन, पण मागे सुरूच्या बनातला वारा आणि समुद्राची गाज सतत असते, खिडकी लावली तरी. ती नंतर पुसता येते, की माजघरात गोधड्या टांगून करू? आणि काका "येऊ दे, येऊ दे" हे लांबवून म्हणतात, तेवढी मोठी फीत चालेल का, की पुढची सूचना त्यावर चढेल? रविवारच्या आत कोणी सांगितलं तर फार बरं होईल.