चर्चा : बंद ग्रुपात शिरून संशोधन करावं का?

खुंटीवरचा (धागाकर्ता):
एचआयव्ही सर्वेक्षणात समलिंगी पुरुष गाठायची जुनी रीत म्हणजे हॉटस्पॉट : स्टेशनची मुतारी, बाग, एसटी स्टँडमागचा अंधार. पीअर एज्युकेटर, म्हणजे त्यांच्यातलाच शिकवून तयार केलेला कार्यकर्ता, तिथं उभा राहतो, कंडोम देतो, तपासणीला नेतो. आता बरेच जण तिथं फिरकतच नाहीत, सगळं डेटिंग ॲपवर आणि टेलिग्रामच्या बंद ग्रुपांवर. नाकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यातही (२०२१-२६) या ऑनलाइन लोकांचा विचार केलेला आहे. तालुक्याचा बायकामुलांचा माणूस बागेत सापडायचा नाही, रात्री दीडला निनावी फॉर्म मात्र भरेल. संशोधकांनी ग्रुपात जायलाच हवं, गरज पडली तर गुपचूप.

वाचनमात्र:
"गुपचूप" वाचून समाजशास्त्रज्ञ हम्फ्रीज आठवला. १९६०च्या दशकात अमेरिकेत सार्वजनिक शौचालयांत, कुणी येतंय का बघणारा पहारेकरी बनून, तो पुरुषांचे संबंध बघत बसला. गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि वर्षभरानं वेश बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्याच घरी गेला! निष्कर्ष उपयोगी होते, हेही खरं. पण ते नंबर पोलिसांच्या हाती लागले असते तर? २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटच्या सुमारे ७०,००० सदस्यांची माहिती, युजरनेम आणि लैंगिक आवडीनिवडींसकट, खुली टाकली. वर म्हणे, ती आधीच जाहीर होती.

खुंटीवरचा:
ती टोकाची उदाहरणं. कायदे आहेत की.

वाचनमात्र:
आहेत ना. एचआयव्ही कायदा (२०१७) बाधितांवरच्या संशोधनाला संमती मागतो, तुमचं "गुपचूप" तिथं अडू शकतं. २०२३चा डेटा संरक्षण कायदा मात्र माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागूच नाही. मग दोनशे जणांच्या ग्रुपात लिहिलेलं जाहीर की खाजगी? वकिलाला विचारा, दोन्ही बाजूंनी फी घेईल.

आकडेमोड:
नीतिमत्ता बाजूला ठेवली तरी नमुन्याचं काय? ॲपवर एकूण किती जण हेच माहीत नाही, तर टक्केवारी कशाची काढणार? शिवाय रिचार्ज मिळतो म्हणून एकच पठ्ठ्या पाच फॉर्म भरतो. हेकाथॉर्ननं १९९७ मध्ये मांडलेली पद्धत बरी : थोड्या लोकांपासून सुरुवात, प्रत्येकाला मोजकी कुपनं, त्यानं ओळखीचे आणायचे. कोण किती जणांना ओळखतो त्यावरून आकडे सुधारता येतात.

नावनको:
मी अशाच ग्रुपात आहे. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवणाऱ्या २०१३च्या निकालानंतर फोटो काढून टाकले होते, २०१८ मध्ये कोर्टानं तो गुन्हा रद्द केल्यावरही परत लावले नाहीत. कलम गेलं, घरमालक तोच राहिला. "वय ३८, शिक्षक, दोन मुली, अमुक तालुका" असं कुणी प्रबंधात छापलं तर नाव कशाला हवं? आमच्याकडं असे शिक्षक कितीसे असणार! पण खुंटीवरचे, तुमचंही अर्धं पटतं. मला कुणी विचारलंच नाही तर माझ्यासारख्यांसाठी केंद्र तरी कोण उघडणार? ॲडमिनला सांगून, स्वतःचं नाव आणि संस्था लिहून या. निम्मे ग्रुप सोडतील, सोडू देत.

खुंटीवरचा:
निम्मे सोडून गेले तर उरलेल्यांचा अभ्यास कशाचा?

नावनको:
जे थांबले त्यांचा. गेलेल्यांवर तुमचा हक्क नव्हताच.

फिरस्ती:
मी फील्डवर काम करते. आमच्या कित्येक हिजडा भगिनींचा फोन तिघींत एक आणि तोही गुरूच्या हातात. त्या कुठल्या ग्रुपात शोधणार? आणि फॉर्म भरून घेतलात तर खाली तपासणी केंद्राचा पत्ता, वेळ टाका. मागच्या सर्वेक्षणात तेवढंही नव्हतं, पोरं मलाच विचारत होती.