मिस्टर पुढच्या वर्षी आर्मीतून पेन्शन येतायत (रिटायर होतायत), माझी तयारी काय करू? मदत हवी आहे

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मिस्टर आर्मीत हवालदार आहेत, २४ वर्षं पूर्ण होतायत, अजून साधारण चौदा महिने राहिलेत. त्यांना युनिटमधून सगळं सांगतात, रिसेटलमेंटचा (रिटायर झाल्यावरच्या कामासाठीचा) कोर्स आहे, डीजीआरला, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याकडे, नाव नोंदवायचं आहे, सिक्युरिटीत जायचं की बँकेत यावर रोज कुणाशी ना कुणाशी फोन चालू असतो. ते काय करणार हे सगळे विचारतात, सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, भाजीवाला पण विचारतो. मी काय करणार हे आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही परवा मिस्टर क्वार्टरची यादी करायला बसले तेव्हाच ते सुचलं, कारण यादीत माझं असं काहीच नव्हतं. क्वार्टर त्यांच्या नावावर, कॅन्टीन कार्ड त्यांचं, माझं ओळखपत्र पण डिपेंडंट म्हणून.

मी बी.एस्सी. बी.एड. आहे. सोळा वर्षांत पाच ठिकाणी शिकवलं, सगळीकडे कॉन्ट्रॅक्टवर, कुठे दोन वर्षं कुठे आठ महिने, मधे मिस्टर फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही) असताना धाकटा लहान होता म्हणून तीन वर्षं घरीच. आता सिव्हिलमध्ये, म्हणजे आर्मीबाहेर, इंटरव्ह्यूला गेले तर पहिला प्रश्न हाच येणार की एवढ्या नोकऱ्या का सोडल्या. काय सांगू?

दुसरं म्हणजे कागदपत्रं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माझं नुसतं पहिलं नाव आहे, आधारवर पूर्ण तिहेरी नाव, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं. याने पुढे अडेल का? मिस्टर म्हणतात होईल सगळं. त्यांच्या "होईल सगळं"वर माझा विश्वास किती आहे ते इथल्या फौजींच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

---

प्रतिसाद:

ताई, नावाचं काम आजच्या आज हातात घ्या, बाकी सगळं नंतर. पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघतो तो रेकॉर्डमधल्या नावावर, आणि पुढे फॅमिली पेन्शन त्याच नावाने. आत्ता युनिटमध्ये क्लार्क आहे, तो पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधल्या बदलाची नोंद) करून पाठवतो. पेन्शन आल्यावर हेच काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहून करावं लागतं. आमच्याकडे मुलीच्या जन्मतारखेत एक आकडा चुकला होता, त्याला सव्वा वर्ष गेलं. मुलांची नावं, तारखा, स्पेलिंग सगळं एकदा मिस्टरांसोबत बसून टिक करत जा. आणि जॉइंट फोटो काढून ठेवा, आमचा ऐनवेळी काढला, त्यात मी रडवेली दिसते आणि तोच आता जन्मभर फाइलला.

---

प्रतिसाद:

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी स्वतः पेन्शन आलेला आहे, वहिनींनी हे नवऱ्याला समोर बसवून विचारावं. बेसिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. त्यातली निम्म्यापर्यंत कम्युट करता येते, म्हणजे विकता येते, आणि बहुतेक जण पूर्ण निम्मी विकतात कारण एकरकमी मोठा आकडा दिसतो. मग हातात राहते उरलेली निम्मी आणि महागाई भत्ता, तो मात्र पूर्ण पेन्शनवर मिळतो. विकलेला भाग परत चालू होतो १५ वर्षांनी. इकडे क्वार्टर गेल्यावर घरभाडं, लाइट सगळं आपल्या खिशातून. आम्ही तीन महिने पगार येत असतानाच पेन्शनएवढ्यात घर चालवून बघितलं, दुसऱ्याच महिन्यात कळलं की जमत नाही, मग कम्युटेशन कमी केलं.

ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स मिळून रक्कम आली की ज्यांनी दहा वर्षांत फोन केला नाही ते नातेवाईक चहाला येतात. सहा महिने कुणालाही हो म्हणू नका.

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, फॉर्म पण वेळेत भरा, पॉलिक्लिनिक जिथे राहणार तिथलं टाका. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंतच त्यात असतो.

---

प्रतिसाद:

माझे मिस्टर पेन्शन आल्यावर दोन वर्षांत गेले. स्पर्शचं (पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचं) लॉगिन त्यांच्या मोबाइलवर, पासवर्ड त्यांच्या डोक्यात. मला पीपीओ नंबर सुद्धा माहीत नव्हता. एक वही करा, त्यात पीपीओ नंबर, आर्मी नंबर, बँक खाती, विमा, सगळं तुमच्या अक्षरात लिहा. पेन्शनचं खातं जॉइंट ठेवा. फॅमिली पेन्शन आधी सात वर्षं किंवा ते ६७ चे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत ५० टक्के दराने मिळते, नंतर ३० टक्क्यांवर येते, हे मला त्यांच्या दिवसांनंतर कुणीतरी सांगितलं. घाबरवायला लिहीत नाहीये.

---

प्रतिसाद:

नोकरीचं मी सांगते, मी स्वतः यातून गेलेय. बायोडेटात वर एकच ओळ टाका, "पतीच्या लष्करी बदल्यांमुळे पाच ठिकाणी अध्यापन", आणि खाली शाळा. मधली तीन वर्षं लपवायची नाहीत, लपवली की जास्त विचारतात. पाचही शाळांकडून अनुभवपत्र मागवा, प्रिन्सिपल बदलल्या असतील तरी ऑफिसला मेल टाका, आत्ता टाका. आणि सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) दिली नसेल तर द्या, ती आता आयुष्यभर चालते. तुम्ही बी.एड. म्हणजे सहावी ते आठवीचा पेपर दोन. २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, त्यामुळे प्राथमिकच्या जाहिरातींवर वेळ घालवू नका.

शक्य असेल तर त्यांच्याआधी सहा महिने तुम्हीच जिथे कायमचं राहणार तिथे जा, जूनमध्ये शाळा सुरू होताना जागा असतात. आणि नवरा चोवीस तास घरात असण्याची पण तयारी ठेवा हो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात डबे उंचीनुसार लावले गेले होते, मुलांना सकाळी साडेपाचला फॉलइन (रांगेत हजेरी)!

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. वहीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, ताई तुम्ही लिहिलंत म्हणून खरंच आभार. आज दुपारी वही आणली, पहिल्या पानावर आर्मी नंबर लिहिला, तो मला पाठ आहे, पुढचं सगळं विचारावं लागलं. मिस्टर आधी म्हणाले हे काय नवीन, मग स्वतःच ट्रंकेतून फाइल काढली. त्यात धाकट्याचं स्पेलिंग पण चुकलेलं निघालं. सोमवारी क्लार्ककडे जातायत.

सहा महिने आधी जायचं मात्र अजून बोलले नाहीये. थोरल्याची दहावी मधेच येते, त्याला इथेच ठेवायचं की घेऊन जायचं, कुणी दहावीच्या वर्षी शाळा बदललीय का?