मदत हवी आहे : अपघाताच्या भरपाईतून वकील पंधरा टक्के मागत आहेत

मानेवाडेकर : वहिनींच्या दाव्याचा निकाल नागपूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने दिला असून वकीलसाहेब भरपाईच्या पंधरा टक्के मागत आहेत. द्यावे लागतात का, एवढेच कृपया लवकर सांगावे. सोमवारी त्यांनी बोलावले आहे.

जुना मुनशी : फी आधी किती ठरली होती, लेखी काही आहे का, विमा कंपनीने रक्कम जमा केली का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

धंतोली : अमेरिकेत माझ्या भाच्याच्या वकिलाने तडजोडीच्या रकमेतून सरळ एक तृतीयांश कापून घेतले, आणि दावा हरला असता तर फी शून्य होती. त्या मानाने पंधरा टक्क्यांत वावगे काय?

निवृत्त वकील : वावगे हे, की आपल्याकडे तसे चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 20 प्रमाणे वकिलाला निकालाच्या बोलीवर फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. 2017 मध्ये बी. सुनीता प्रकरणात, जे अपघाती मृत्यूच्या भरपाईतूनच उद्भवले होते, सर्वोच्च न्यायालयाने अशा टक्केवारीपोटी घेतलेल्या चेकवरून पक्षकारावर भरलेला खटला रद्द केला.

जुना मुनशी : नियम खरा आहे, साहेब, पण क्लेमच्या कामात वर्षानुवर्षे पदरचा खर्च करणारे वकीलही मी पाहिले आहेत. त्यांनी काय करावे?

निवृत्त वकील : रास्त फी आधी ठरवून घ्यावी. ती पक्षकाराने द्यावीच, त्याबद्दल वाद नाही.

सदरवासी : वहिनींनी रक्कम पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवावी, असे मी सुचवीन.

जुना मुनशी : ते कोणी विचारले? शिवाय भरपाईचा काही भाग न्यायाधिकरण बहुधा स्वतःच मुदत ठेवीत ठेवायला लावते.

मानेवाडेकर : वकीलपत्रावर सही करताना वीस हजार दिले होते, लेखी काही नाही. रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली आहे. वहिनींचे दोन कोरे चेक मात्र त्यांच्याकडे आहेत.

धंतोली : बँकेला सांगून चेक थांबवा, विषय संपला!

निवृत्त वकील : एवढ्याने संपत नाही, पेमेंट थांबवले तरी चेक न वटल्याबद्दल कलम 138 ची फौजदारी तक्रार होऊ शकते. चेकचे क्रमांक घालून ते परत मागणारे पत्र आधी स्पीड पोस्टाने पाठवा आणि रक्कम वहिनींच्याच खात्यात जमा व्हावी, असा अर्ज द्या. फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले आहे. तरीही अडले, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार करता येईल.

मानेवाडेकर : म्हणजे सोमवारी जाऊ की नको?

निवृत्त वकील : जा, पण वहिनींना कशावरही सही करू देऊ नका.